रूटच्या सत्तेला लगाम

२२ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने, म्हणजे एनएसएने, एक अनपेक्षित पाऊल उचलले. दुसऱ्यांचे संदेश ऐकणे आणि आपले कुणाच्या कानी पडू न देणे, यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यामध्ये, केलेले आपले बदल सोर्स कोडसकट, जीपीएल परवान्याखाली, इंटरनेटवर ठेवले. कुणीही घ्यावेत, वाचावेत, बदलावेत. सिक्युरिटी-एन्हान्स्ड लिनक्स हे त्याचे पूर्ण नाव. पुढे एसईलिनक्स एवढेच उरले. पीटर लॉस्कोको आणि स्टीफन स्मॉली ही या कामातली प्रमुख नावे. त्या कोडमागची कल्पना मात्र नवी नव्हती, तिला जवळजवळ तीस वर्षे झाली होती. प्रोग्रॅमने काय करावे आणि काय करू नये, हे फाइलीच्या मालकाच्या मर्जीवर सोडायचे नाही. ते एका लिखित नियमावलीत ठरवायचे, आणि ती नियमावली खुद्द रूटलाही बंधनकारक ठेवायची.

या शेवटच्या अटीसाठी एवढा आटापिटा का करावा लागला, ते समजायला युनिक्सच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. १९६५च्या सुमारास एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मल्टिक्स नावाची महत्त्वाकांक्षी प्रणाली उभारायला घेतली. सुरक्षेचा विचार तिच्या पायातच होता. पण काम लांबत गेले, १९६९मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले आणि तिथल्याच केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी लहानसे, सुटसुटीत युनिक्स घडवले. युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो. वाचणे, लिहिणे आणि चालवणे या परवानग्या तो स्वतःला, आपल्या गटाला आणि बाकीच्यांना वाटून देतो. पद्धत सोपी होती, म्हणूनच टिकली. मात्र या सर्व मालकांच्या वर रूट नावाचा एक वापरकर्ता बसवलेला होता आणि त्याला कसलीच आडकाठी नव्हती. रूटच्या नावाने चालणारा प्रोग्रॅम समोर आला की फाइलींवरच्या या परवानग्या त्याला अडवत नसत. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

रूट म्हणजे यंत्रशाळेतला एक जबाबदार माणूस, असे होते तोवर हे चालून गेले. खरी अडचण आली ती डीमनांमुळे. संगणक सुरू होताच जे प्रोग्रॅम आपोआप जागे होतात, कुणाही माणसाच्या पडद्यावर न दिसता पार्श्वभूमीत बसून कामाची वाट पाहतात, ते डीमन. टपाल पोचवणारा, वेबपाने देणारा, यंत्रांच्या नावांवरून पत्ते सांगणारा, घड्याळ जुळवणारा असे कितीतरी. बर्कलीच्या युनिक्सपासून पडलेल्या रिवाजानुसार १०२४च्या खालचे नेटवर्क पोर्ट उघडण्याचा अधिकार फक्त रूटला होता, आणि टपाल, वेब, नाव-पत्ते या सेवा नेमक्या त्याच पोर्टांवर चालत. त्यामुळे जगातल्या कुणाही अनोळखी माणसाशी बोलायला दारात बसवलेले प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने सुरू होत, आणि त्यातले बरेचसे तसेच चालू राहत. ज्याला सर्वांत कमी अधिकार द्यायला हवा, त्यालाच सर्वांत जास्त मिळत होता.

धोक्याची सूचना कुणी दिली नव्हती असे नाही. रँड संस्थेच्या विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७०मध्येच अमेरिकी संरक्षण खात्याला संगणकांच्या सुरक्षेविषयी अहवाल दिला होता. १९७२मध्ये जेम्स अँडरसन यांनी हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात एका पहारेकऱ्याची कल्पना मांडली. प्रत्येक मागणी त्याच्यासमोरून गेलीच पाहिजे, त्याला कुणी फितवू शकता कामा नये, आणि तो इतका लहान असावा की तो बिनचूक आहे हे तपासून सिद्ध करता यावे. १९७३मध्ये बटलर लॅम्पसन यांनी एखाद्या प्रोग्रॅमला माहिती बाहेर फोडण्यापासून कसे रोखायचे, हा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. त्यानंतर दोन वर्षांनी जेरोम सॉल्ट्झर आणि मायकल श्रोडर यांनी किमान अधिकाराचे तत्त्व शब्दबद्ध केले: प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून कणभरही अधिक नकोत. आज सुरक्षेवर बोलणारा प्रत्येकजण हे तत्त्व सांगतो.

पण पैसा लष्कराचा होता आणि लष्कराला हवे होते वेगळेच. मायटर संस्थेतल्या डेव्हिड बेल आणि लेनर्ड लापाड्युला यांनी १९७३मध्ये जे गणिती प्रारूप मांडले, ते गोपनीय कागदांच्या श्रेणींवर बेतलेले होते. खालच्या श्रेणीच्या माणसाने वरचे वाचायचे नाही, वरच्याने खाली लिहायचे नाही. संरक्षण खात्याने १९८३मध्ये काढलेल्या आणि १९८५मध्ये सुधारलेल्या नारिंगी मुखपृष्ठाच्या पुस्तकाने, म्हणजे ऑरेंज बुकने, मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल, म्हणजे मालकाच्या मर्जीवर न सोडलेले सक्तीचे नियंत्रण, याच श्रेणींना जोडून टाकले. परिणाम असा झाला की पुढे कित्येक वर्षे हे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे टॉप सिक्रेटचे शिक्केच येत. त्या निकषांवर उतरलेल्या प्रणाली महाग होत्या आणि त्यांची तपासणी लांबतच जाई. वेब सर्व्हर चालवणाऱ्या एखाद्या छापखान्याला किंवा महाविद्यालयाला त्या शिक्क्यांचा काही उपयोग नव्हता. माझ्या मते या कल्पनेचे सर्वांत मोठे नुकसान तिच्या विरोधकांनी केले नाही. ते तिच्या पहिल्या आश्रयदात्याने केले.

वाट वळवली ती हनीवेलमध्ये काम करणाऱ्या अर्ल बोबर्ट यांनी. १९८५मध्ये रिचर्ड केन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी श्रेणींची उतरंडच बाजूला ठेवली. प्रत्येक चालू प्रोग्रॅमला एका डोमेनमध्ये ठेवायचे, प्रत्येक फाइलला एक टाइप द्यायचा, आणि कोणत्या डोमेनने कोणत्या टाइपला काय करावे याचा एक तक्ता लिहायचा. तक्त्यात नसेल ते बंद. इथे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. ज्याचे जे काम, तेवढाच त्याला वाव. टाइप एन्फोर्समेंट या नावाने हे ओळखले जाऊ लागले. आज जगभरच्या सर्व्हरांवर आणि फोनांवर जे चालते, त्याचे बीज या तक्त्यात आहे.

तीन वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी, कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एमआयटीच्या यंत्रावरून एक वर्म, म्हणजे यंत्रायंत्रांत आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, सोडला. तो वॅक्स आणि सन जातीच्या यंत्रांत शिरला. शिरायला त्याने ज्या वाटा वापरल्या त्यांतल्या दोन थेट डीमनांच्या होत्या. टपाल वाहणाऱ्या सेंडमेलमध्ये चाचणीसाठीची एक सोय उघडी राहिली होती. तिच्यातून आज्ञा चालवता येत. दुसरा फिंगरडी. अमुक माणूस लॉगिन आहे का, एवढेच सांगणारा हा बापडा प्रोग्रॅम. त्याने ५१२ बाइटची जागा राखून ठेवली होती; वर्मने त्यात ५३६ बाइट ओतले आणि शेल, म्हणजे आज्ञा चालवून देणारा प्रोग्रॅम, हातात घेतला. त्या वेळच्या अंदाजानुसार सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली. मुलाचे वडील, थोरले रॉबर्ट मॉरिस, तेव्हा एनएसएच्या नॅशनल कॉम्प्युटर सिक्युरिटी सेंटरमध्ये प्रमुख शास्त्रज्ञ होते. ऑरेंज बुक याच केंद्राचे.

या प्रकरणातून बोध घेतला गेला तो दुरुस्त्यांचा. भोके बुजवा, सूचना लवकर पसरवा. कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट नावाचे केंद्र उभे राहिले आणि ते आवश्यकच होते. पण कोण लॉगिन आहे हे सांगणाऱ्या प्रोग्रॅमला शेल सुरू करण्याची मुभा मुळात का होती, हा प्रश्न मागे पडला. भोक बुजते, मुभा तशीच राहते, आणि पुढचे भोक कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसते.

तो प्रश्न नव्वदच्या दशकात थोड्या मंडळींनी धरून ठेवला. ट्रस्टेड इन्फर्मेशन सिस्टिम्स या कंपनीतल्या संशोधकांनी बोबर्ट-केन यांची कल्पना युनिक्सवर आणून १९९६मध्ये खास रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमांना बंदिस्त करण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. दुसरीकडे एनएसए आणि सिक्युअर कॉम्प्युटिंग कॉर्पोरेशन यांचा डीटीओएस हा प्रकल्प चालला होता. पुढे युटा विद्यापीठाच्या साथीने त्यातून फ्लास्क ही रचना आकाराला आली. फ्लास्कमधला महत्त्वाचा धागा असा, की निर्णय घेणारा आणि निर्णय अमलात आणणारा हे दोन वेगळे भाग केले. कर्नल फक्त विचारतो आणि उत्तराप्रमाणे वागतो. उत्तर पॉलिसीतून, म्हणजे लिखित नियमावलीतून, येते. त्यामुळे पॉलिसी बदलायला कर्नल बदलावा लागत नाही. १९९८मध्ये लॉस्कोको, स्मॉली आणि सहकाऱ्यांनी एक निबंध लिहिला. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराशिवाय केवळ वरवरच्या ॲप्लिकेशनमध्ये सुरक्षा बांधता येईल, हे गृहीतच चुकीचे आहे, असे त्यात ठामपणे म्हटले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी लिनक्सवरचा तो कोड बाहेर आला.

मार्च २००१मध्ये दोन घटना पाठोपाठ घडल्या. आधी लायन नावाचा वर्म लिनक्स सर्व्हरांवर पसरला. नाव-पत्ते सांगणाऱ्या बाइंड या डीमनमधल्या चुकीतून तो आत शिरे, पासवर्डच्या फाइली उचलून चीनमधल्या एका पत्त्यावर मेल करी आणि मागचे दार उघडून ठेवी. नाव-पत्त्यांच्या सेवेला पासवर्डच्या फाइलीशी काय देणेघेणे? टाइप एन्फोर्समेंटच्या तक्त्यात ती ओळ आलीच नसती. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे लिनक्स कर्नलच्या प्रमुख विकासकांची बैठक भरली. लॉस्कोको यांनी तिथे एसईलिनक्स मांडले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते जसेच्या तसे घ्यायला नकार दिला, कारण अशा सुरक्षा-रचना अनेक होत्या आणि एकीला झुकते माप द्यायची त्यांची तयारी नव्हती. कर्नलमध्ये सर्वांना सामावून घेणाऱ्या सामाईक जागा करा, आणि ज्याला जे हवे ते मॉड्युल म्हणून त्यात बसवू दे, असे त्यांचे म्हणणे पडले.

यातून लिनक्स सिक्युरिटी मॉड्युल्स ही चौकट उभी राहिली. इम्युनिक्स ही लिनक्सची आवृत्ती बनवणाऱ्या वायरएक्स कंपनीचे क्रिस्पिन कोवन, ग्रेग क्रोह-हार्टमन, ख्रिस राइट, जेम्स मॉरिस, स्मॉली असे बरेच हात तिला लागले. काम कंटाळवाणे होते: फाइल उघडणे, सॉकेट जोडणे, प्रोग्रॅम सुरू करणे अशा प्रत्येक ठिकाणी कर्नलने थांबून विचारावे, अशी जागा शोधून तिथे एक हुक अडकवायचा. युनिक्सच्या जुन्या परवानग्या आधी तपासल्या जातात. त्या पार पडल्या तरच मॉड्युलला विचारले जाते. मॉड्युल नाही म्हणू शकते, पण जुन्या परवानग्यांनी जे नाकारले ते देऊ शकत नाही. एसईलिनक्स कर्नलच्या २.६ मालिकेत दाखल झाले आणि डिसेंबर २००३मध्ये तो कर्नल प्रसिद्ध झाला.

कर्नलात शिरणे एक आणि लोकांच्या यंत्रांवर टिकणे दुसरे. मे २००४च्या फेडोरा कोर २ या लिनक्स वितरणात एसईलिनक्स होते, पण बंद करून ठेवलेले. चाचणीच्या आवृत्त्यांत ते चालू ठेवून पाहिले होते आणि लोक वैतागले होते. त्या वेळची पॉलिसी स्ट्रिक्ट, म्हणजे कडक होती. यंत्रावरच्या प्रत्येक प्रोग्रॅमचे, प्रत्येक वापरकर्त्याचे वर्तन तिने आधी लिहून ठेवलेले असायला हवे. माणूस आपल्या यंत्रावर काय काय करेल, हे दूर बसून कोण लिहून ठेवणार? इलाज रोगापेक्षा जड झाला.

मग फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीतल्या मंडळींनी जो निर्णय घेतला, तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. डॅन वॉल्श हे त्या कामातले ठळक नाव. त्यांनी संपूर्णतेचा हट्ट सोडला. माणसाच्या रोजच्या वापराला हातच लावायचा नाही. तो पूर्वीसारखाच मोकळा. बांधायचे ते फक्त नेटवर्ककडे तोंड करून बसलेल्या डीमनांना. टार्गेटेड पॉलिसी असे तिला नाव मिळाले. नोव्हेंबर २००४च्या फेडोरा कोर ३मध्ये ती चालू स्थितीतच आली आणि फेब्रुवारी २००५च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४मध्येही. सुरुवातीला बांधलेले डीमन जेमतेम डझनभर होते: वेब सर्व्हर, नाव-पत्त्यांचा नेम्ड, घड्याळ जुळवणारा एनटीपीडी, स्क्विड, पत्ते वाटणारा डीएचसीपीडी असे. शुद्धतावाद्यांना ही तडजोड वाटली. पण डीमनचे वर्तन माणसासारखे लहरी नसते. त्याची कामे ठरलेली, फाइली ठरलेल्या, पोर्ट ठरलेले. म्हणून त्याची नियमावली लिहिता येते आणि ती निभावतेही. तीस वर्षे कागदावर राहिलेले किमान अधिकाराचे तत्त्व सामान्य सर्व्हरवर उतरले ते या तडजोडीमुळे.

प्रत्यक्षात हे कसे चालते, ते वेब सर्व्हरच्या उदाहरणावरून पाहू. यंत्र सुरू होताना त्याचा प्रोग्रॅम चालवला गेला की प्रोसेस आपोआप वेब सर्व्हरच्या डोमेनमध्ये जाते. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलला लेबल चिकटवलेले असते. वेबपानांचे लेबल असेल ते वाचता येते, लॉगचे लेबल असेल त्यात भर घालता येते, वेबसाठी राखलेल्या पोर्टांवर बसता येते. पासवर्डची शॅडो फाइल, कुणाचे खासगी फोल्डर किंवा डेटाबेसच्या फाइली यांची लेबले त्या यादीत नाहीत. हल्लेखोराने सर्व्हर ताब्यात घेतला, एवढेच काय तो रूट झाला, तरी तो त्याच डोमेनमध्ये असतो आणि तीच यादी त्याला लागू पडते. आपल्या म्हणण्यावर किती भरवसा आहे हे एसईलिनक्सवर काम करणाऱ्या रसेल कोकर यांनी दाखवून दिले: एसईलिनक्स बसवलेले एक यंत्र त्यांनी इंटरनेटवर ठेवले आणि त्याचा रूट पासवर्डच जाहीर केला.

याच लेबलांनी प्रशासकांना रडवलेही. घरच्या फोल्डरमध्ये तयार केलेले पान वेबच्या फोल्डरमध्ये हलवले की ते आपले जुने लेबल घेऊनच जाते. परवानग्या बरोबर, मालक बरोबर, तरी ब्राउझर म्हणतो मनाई आहे. हीच फाइल कॉपी केली असती तर नव्या जागेचे लेबल मिळाले असते. हे ठाऊक नसलेला माणूस तास-दोन तास डोके आपटतो आणि शेवटी कुणीतरी सांगितलेली एका ओळीची आज्ञा देऊन सगळी यंत्रणाच शिथिल करून टाकतो. कितीतरी सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या सूचनापत्रांत तर पहिली पायरीच ‘एसईलिनक्स बंद करा’ अशी असे.

या जाचावर उतारा म्हणून ॲपआर्मरकडे पाहिले गेले. कोवन यांच्या कंपनीत १९९८च्या सुमारास सबडोमेन म्हणून त्याचा जन्म झाला. २००५मध्ये नोव्हेलने ती कंपनी घेतली. त्यात लेबले नाहीत. प्रत्येक डीमनसाठी एक प्रोफाइल, आणि त्यात फाइलींचे मार्ग सरळ लिहिलेले. वाचून कुणालाही कळते. एकाच फाइलला दोन मार्ग असू शकतात, तेव्हा मार्गावर विसंबणे कच्चे, असा एसईलिनक्सवाल्यांचा आक्षेप होता आणि तो वाद बराच कडवट झाला. शेवटी ऑक्टोबर २०१०च्या २.६.३६ कर्नलमध्ये ॲपआर्मरही आले. उबुंटूने ते त्याआधीच उचलले होते. आक्षेपात तथ्य आहे, तरीही समजणारे कुंपण लोक चालू ठेवतात, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते.

मर्यादाही नोंदवायला हव्यात. पहारेकरी कर्नलातच राहतो, म्हणून कर्नलच फुटला की पहारा संपतो. २००९मध्ये तर विपरीतच उघडकीला आले: कर्नलातल्या एका प्रकारच्या चुकांपासून बचाव करणारा साधा नियम एसईलिनक्स चालू असलेल्या यंत्रांवर अधिक ढिला पडत होता. सुरक्षा-संशोधक ब्रॅड स्पेंगलर यांनी ते हल्ला करूनच दाखवले आणि नंतर दुरुस्ती झाली.

मोठी मजल मारली ती फोनांवर. २०११मध्ये जिंजरब्रेक या हल्ल्याने, लिनक्सच्याच कर्नलवर चालणाऱ्या अँड्रॉइडवरचा, मेमरी कार्ड जोडून देणारा व्होल्ड हा रूट डीमन फोडला होता. स्मॉली आणि रॉबर्ट क्रेग यांनी २०१३च्या निबंधात दाखवले की योग्य पॉलिसी असती तर या हल्ल्यातल्या अनेक पायऱ्या तिथेच अडल्या असत्या. त्याच वर्षी जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांचे गौप्यस्फोट झाले आणि एनएसएचा कोड आपल्या फोनमध्ये कशाला, असा संशय साहजिकच उठला. उत्तर एकच होते: कोड तेरा वर्षे उघडा आहे, वाचा. अँड्रॉइड ४.३मध्ये एसईलिनक्स आले, पण पॉलिसी केवळ नोंदी घेत होती. ४.४मध्ये व्होल्डसह इन्स्टॉलडी, नेटडी आणि झायगोट या पार्श्वभूमीतल्या प्रोग्रॅमांना तिने खरोखर बांधले. २०१४च्या ५.०मध्ये झाडून सगळ्या प्रोसेस तिच्याखाली आल्या. पुढच्याच वर्षी स्टेजफ्राइट नावाच्या चुका उघडकीला आल्या. एका व्हिडिओ संदेशाने मीडियासर्व्हर हा चित्र-आवाज हाताळणारा डीमन ताब्यात जाई, आणि त्याच्या कामाचा पसाराच एवढा की कॅमेरा, आवाज, नेटवर्क सारे त्याच्या यादीत. मग २०१६च्या अँड्रॉइड ७मध्ये त्याचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे आणि अरुंद कुंपण घातले. महाराष्ट्रातल्या ज्या-ज्या खिशात आजचा अँड्रॉइड फोन आहे, तिथे ही पॉलिसी या क्षणी चालू आहे.

सर्व्हरवरही दाखले मिळत गेले. २०१५मध्ये व्हेनम या चुकीमुळे आभासी यंत्रातून बाहेर पडता येत होते. तिथे एसईलिनक्सचे प्रत्येक आभासी यंत्राला वेगळे लेबल देणारे कुंपण नुकसान मर्यादित ठेवणारे ठरले. फेब्रुवारी २०१९मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसीमधली चूक उघड झाली, तेव्हा रेड हॅटच्या यंत्रांवर एसईलिनक्स चालू असेल तर तो हल्ला अडत होता.

म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. पुढच्या वेळी एखादी सेवा अडली आणि सगळी यंत्रणा शिथिल करणारी ती आज्ञा बोटांवर आली, तर आधी ऑडिट लॉग उघडा. कोणत्या डोमेनला कोणत्या लेबलावर कोणती कृती नाकारली, हे त्यात एका ओळीत लिहिलेले असते. बहुतेक वेळा लेबल पूर्ववत करणे किंवा एक स्विच चालू करणे एवढ्याने काम भागते. त्यानेही भागले नाही, तर फक्त त्या एका डोमेनला तात्पुरती सूट द्या. बाकीच्या डीमनांवरचा लगाम काढू नका.